डावीकडची कड

"चौथी खेप," म्हातारा कंडक्टर खुर्चीत टेकत म्हणाला. "आता मला पासच काढून द्या, ताई."

त्यानं खालची कवळी काढून रुमालावर ठेवली. तोंड एकदम आत गेलं आणि थट्टाही तिथंच संपली. "डावीकडं," तो बोबडं बोलला. "टोचतंय अजून."

कवळ्या करणारीच्या ओठांवर वाक्य तयार होतं. सवय होईल, काका, जरा धीर धरा. वीस वर्षांत हजारदा म्हटलं असेल. निम्म्या वेळा ते खरंही ठरायचं. आज ते बाहेर पडेना.

सकाळीच वहिनी आईच्या वस्तू देऊन गेली होती. चष्मा, घड्याळ, स्वेटर आणि एका डबीत कवळी. लेकीनं स्वतः केलेली, जीव लावून. हाताला वळणच पडलेलं, म्हणून तिनं ती उलटी करून खिडकीशी धरली. डावीकडची कड खरवडलेली होती. रेघा यंत्राच्या नव्हत्या, नखं घासायच्या कानशीच्या होत्या. वेड्यावाकड्या, एकीवर एक, कित्येक दिवसांच्या. आईचा हात कापत असणार, पण जागा अचूक होती. तिनं स्वतः घासली असती तर तिथंच घासली असती.

"शेवटी शेवटी सगळं पातळ करून मागायच्या," वहिनी म्हणाली होती. "विचारलं तर म्हणायच्या, पचत नाही. आणि तुला सांगायचं नाही अशी तंबी. पोरीच्या हातचं काम आहे, तिला लागेल म्हणून."

त्याआधी आईनं टोचतंय म्हणून दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ती "बघते गं" म्हणाली आणि बघायचं राहिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, सवय होईल. महिन्याभरानं आईच म्हणाली, "झाली हं सवय." आणि तिनं ते खरं धरलं. आईची वाटी हळूहळू लहान होत गेली, तेही वयावर घातलं. डॉक्टरांनी मरणाचं कारण वेगळंच लिहिलं होतं. त्या कागदानं तिची काही सुटका झाली नाही.

"माझंच तोंड वाकडं असेल," कंडक्टर म्हणाला. "तुमच्या आईंची तर पहिल्याच खेपेला बसली, म्हणालात ना?"

म्हणाली होती. त्यालाच नव्हे, येईल त्या गिऱ्हाइकाला.

"नाही बसली, काका. टोचत होती तिला."

तिनं कवळीच्या आत पांढरा लेप लावला, ती त्याच्या तोंडात बसवली आणि दाबून चावायला सांगितलं. बाहेर काढली तेव्हा डाव्या कडेवरचा लेप पुसला गेला होता. मुगाएवढा गुलाबी ठिपका उघडा पडला होता. टोचायची जागा तीच. तिनं यंत्र लावलं. घासली, धुतली, पुन्हा बसवली.

"आता?"

"एकदम फर्स्ट क्लास!"

उत्तर फारच पटकन आलं.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

त्यानं नजर दुसरीकडे वळवली. "किती वेळ खायचा माणसानं तुमचा? बाहेर दोघं बसलेत."

"बसू देत."

तिनं पुन्हा लेप लावला. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा लेप सगळीकडे सारखा राहिला, तरी तिचं मन भरेना. खणातून तिनं कडक बिस्किटांचा पुडा काढला. "खा. त्याच बाजूनं."

त्यानं भीत भीत दात रोवले. बिस्कीट कटकन तुटलं. तो क्षणभर थांबला, दुखण्याची वाट बघत असल्यासारखा. मग हळूहळू चावू लागला. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि शेवटचा घास उतरेपर्यंत त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

"ताई," तो मिशीवरचा भुगा झटकत हसला, "मी खाताना इतकं टक लावून एकच बाई बघायची. माझी आई."

तिनं पुडा त्याच्यापुढं सरकवला.

"अजून एक घ्या," ती म्हणाली.