बाबागाडी मावशीकडे

"ताई, तू गाडी धर," म्हणत नायेलीने तादेओला बाबागाडीत बसवलं आणि ती विमानतळावरच्या बाथरूमकडे पळाली.

सकाळपासून ओफेलियाच्या वाट्याला गाडीच येत होती. पोर कधी आईच्या कडेवर, कधी बापाच्या खांद्यावर, कधी आजीच्या मांडीवर आणि मावशी आपली रिकामी गाडी ढकलत सगळ्यांच्या मागे. लेओनहून कानकूनच्या समुद्रावर सगळं घर मजा करायला निघालं होतं. तुझीही हवापालट होईल, असं म्हणून धाकट्या बहिणीने तिला आग्रहाने बरोबर घेतलं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी मूल नसलेल्या बाईला जो तो हवापालट सुचवतो. नायेलीला मात्र लग्नाला वर्ष व्हायच्या आत मूल झालं होतं, आणि ओफेलिया तिच्यावर जळत होती. अगदी सरळ, पोटातून जळत होती.

आता निदान गाडीत पोर होतं. तेवढ्यात विमान कंपनीच्या मुलीने तिला हात केला. लहान मुलांच्या आयांना विमानात आधी सोडतोय, बाईंनी पुढे यावं, असं ती अदबीने म्हणाली. "मी मावशी आहे" एवढंच सांगायचं होतं. ओफेलियाने ते सांगितलं नाही. नायेलीचा नवरा उबाल्दो आणि आजी सामान सांभाळत मागे बसले होते. त्यांच्याकडे न बघता ती गाडी घेऊन पुढे गेली.

त्या छोट्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेली एक बाई होती. तिने तादेओला डोळे भरून पाहिलं.

"काय गोड पोर आहे हो. डोळे अगदी तुमचे," ती म्हणाली आणि वाकून त्याच्या कपाळाला दोन बोटं लावली. परक्याचं मूल आवडलं की त्याला हात लावायचाच, ही तिकडची रीत. नुसतं बघून पुढे गेलं तर नजर पोराला चिकटून राहते आणि ते रडून रडून हैराण होतं. हात लावला की दृष्ट उतरली.

"आठवा महिना चाललाय त्याला," ओफेलिया म्हणाली. एवढं खरं होतं. मग ती आणखी म्हणाली, "रात्रभर झोपू देत नाही मला."

हे बोलताना तिला इतकं बरं वाटलं की त्याला उचलून छातीशी धरावं असं झालं. पण तादेओ तिच्याकडे नीट राहत नसे. उचललं आणि त्याने भोकाड पसरलं तर खुर्चीतल्या बाईला सगळं कळलं असतं. म्हणून दोन्ही हात दांड्यावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. बघणं कुठे कुणाला कळतं?

नायेली ओल्या हातांनी धावत आली. तिला पाहताच पोराने दोन्ही हात वर केले आणि तिने त्याला उचललं. खुर्चीतल्या बाईने नायेलीकडे पाहिलं, ओफेलियाकडे पाहिलं आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली. विमानाच्या दाराशी एका माणसाने बाबागाडीला चिठ्ठी बांधली आणि ती खाली नेली.

विमान सुटायच्या आधीच तादेओ रडायला लागला तो थांबेचना. पाजून झालं, पाणी झालं, उबाल्दोच्या किल्ल्या वाजवून झाल्या. अंग गरम नव्हतं. पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून बघायला लागली.

"याला दृष्ट लागलीय," आजी म्हणाली. दृष्ट लागू नये म्हणून मनगटावर बांधलेला हरणडोळ्याच्या बीचा लाल दोरा कुठे गेला, असं तिने विचारलं. काल अंघोळ घालताना काढलेला दोरा मोठ्या बॅगेत गेला होता, आणि बॅग विमानाच्या पोटात. आजीने मुलीला आणि जावयाला एकदमच फैलावर घेतलं. मग नायेलीने विचारलं, रांगेत याला कोणी पाहिलं का?

"एका बाईने पाहिलं," ओफेलिया घाईने म्हणाली. "पण तिने लगेच हात लावला होता."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग नजर कुणाची, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. उबाल्दो खिडकीबाहेर ढग बघायला लागला. नायेली बहिणीकडे बघत राहिली. ती रागावली असती तरी चाललं असतं, पण तिच्या तोंडावर राग नव्हता.

"ताई, तू हात लाव त्याला."

"मी कशाला?"

"अगं, मायेनेसुद्धा लागते," आजीने घाईघाईने सारवासारव केली. "मायेनेच जास्त लागते."

नायेलीने मधल्या वाटेवरून पोर पुढे केलं. सकाळपासून ओफेलियाला हेच हवं होतं, कुणीतरी आपण होऊन ते पोर तिच्या हातात द्यावं. तिने त्याला मांडीवर घेतलं. आजी, नायेली, उबाल्दो, तिघंही आता तिच्या हाताकडे बघत होते. पोर रडत राहिलं तर ते कानाचं दुखणं असेल, पोटाचं असेल, मग तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं.

तिने त्याच्या घामेजल्या कपाळावर तळवा ठेवला. रड रे राजा, ती मनात म्हणाली, गप्प होऊ नकोस, रड.

तादेओने दोन हुंदके दिले, तिचं बोट मुठीत धरलं आणि तो गप्प झाला.