एकसष्टावी

सहा देशांचे अधिकारी चौथ्यांदा एकसष्ट माणसांची वाटणी करत होते, आणि कुंभारी गावातल्या दोन खोल्यांच्या घरात लॅपटॉपसमोर बसून बुद्धप्रिया त्याचं टिपण घेत होती. जिनिव्हातल्या एका संस्थेत ती नोकरीला होती. रजेवर आईकडे आली होती, पण ही बैठक चुकवता आली नव्हती.

माणसं भूमध्य समुद्रात एका जहाजावर होती. बुडत्या रबरी होडीतून त्यांना उचलल्याला एकोणीस दिवस झाले होते. कुणी किती घ्यायची हे ठरल्याशिवाय एकही बंदर त्यांना उतरू देत नव्हतं.

साठ जणांचं जमलं होतं. अडलं होतं एका म्हातारीपाशी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हणून कालच तिला हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवलं होतं. मुलगा जहाजावरच होता. तरुण, सुतारकाम येणारा. त्याला एका देशानं लगेच घेतलं. आईला कुणीच घेईना.

मीनाबाई दारात मेथी निवडत होत्या. लेकीनं थोडक्यात सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगा पायजे अन् आई नगं? ही कसली वाटणी गं?"

तेवढ्यात दवाखान्याचा निरोप आला. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला. म्हातारी सकाळीच गेली होती.

मग एकानं विचारलं, म्हणजे आता साठच ना? अध्यक्षांनी यादी पाहून होकार दिला. पुढच्या दोन मिनिटांत ठराव मंजूर झाला. कुणीतरी सगळ्यांचे समंजसपणाबद्दल आभारही मानले.

मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. आईचं ठरल्याशिवाय आपण उतरणार नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. तो अडून बसला तर पुन्हा सगळं लांबेल, म्हणून त्याला आत्ताच कळवायचं ठरलं, आणि ते काम बुद्धप्रियाकडे आलं. त्याला खरं सांगू या, असं ती म्हणाली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली.

"म्हातारीला घेतलं का कुणी?" मीनाबाईंनी विचारलं.

बुद्धप्रियानं मान वर केली नाही. ती टाइप करत होती : 'आपल्या आईची व्यवस्था झाली आहे. आपण उतरावे.'