लिंबू पिळलेला ठेचा

रजा संपवून सीमेवर निघालेल्या वीरधवलला रेश्मानं भाकरी आणि लिंबू पिळलेला ठेचा फॉइलच्या कागदात बांधून दिला. मिरजेहून गाडी सुटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आंबट कशाला त्यात बांधलंस गं? लिंबानं तो कागद विरघळतो, आन् तेच पोटात जातं."

रेश्माचा जीव थाऱ्यावर राहीना. रात्रभर फोन लागेना. ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून ओसरीवर तिच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा फोन लागला. "आवं, तो ठेचा खाऊ नका."

"अजून सोडलंच न्हाई पुडकं."

"मग कालपास्नं उपाशी हाय का तुमी?"



"न्हाई गं, स्टेशनवर खाल्लं. पुडकं सोडलं की रजा संपती."