टाकीच्या झाकणातला पंखा

"काकू, झाकणातल्या पंख्याची वायर काढलेली आहे. वरच्या जाळीवरही चिकटपट्टी मारलीय," माशांची रिकामी टाकी न्यायला आलेली शेजारची केतकी म्हणाली. "दिव्याची गरमी आत कोंडली आणि पाणी तापलं. मासे त्यानेच गेले."

कुमुदताईंचा हात टाकीवरच राहिला. एकादशीला त्यांनी माशांना साबुदाणा घातला, म्हणूनच ते मेले, असं यजमानांनी सांगितलं होतं. तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून त्या अळणी जेवत होत्या, रोज यजमानांच्याच डोळ्यांदेखत.

केतकी गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अहो, वायर तुम्ही काढलीत?"

"घरघर चालायची. जाळीतून उजेडही टीव्हीवर पडायचा," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले.

"मग माझ्यावर का ढकललंत?"

"तुझं काही ना काही व्रत चालूच असतं. त्यात आणखी एक."

त्या दिवशी सोमवार होता. यजमानांच्या आयुष्यासाठी त्या लग्नापासून हा उपास करत आल्या होत्या. भरदुपारी कुमुदताईंनी स्वतःचं पान मांडलं, आधी मीठ वाढलं, मग वरणभात, आणि यजमानांसमोर बसून पहिला घास घेतला.