शून्य नाही, रिकामं

दिव्यानीच्या वरच्या साहेबानं, प्रवीणनं, पुण्याहून फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं, की प्रोग्रॅममधली ती पाच फंक्शनं आज संध्याकाळच्या आत काढून टाक. दिव्यानीनं सिरोंच्यातल्या आपल्या ओसरीवरून तिसऱ्यांदा सांगितलं, काढणार नाई.

फंक्शनं ती केवढी! एकेक तीन ओळींचं. गो या संगणकाच्या भाषेतली त्यांची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, माहितीचं गाठोडं बांधून इकडून तिकडे पाठवते, आणि ही पाच चिमुरडी एवढंच बघतात, की कुणी आकडा दिलाच नसेल तर ती जागा रिकामीच पोचावी. ती नसली, की तिथं गुपचूप शून्य जाऊन बसतं. प्रवीणचं म्हणणं, शून्य काय अन् रिकामं काय, उगाच कचरा. वर त्यानं सुनावलं, तू काढत नसशील तर मी काढतो, आणि उद्यापासून तुझं कामही बंद. दिव्यानीचं डोकं सणकलं. दोन वर्षं राबून मिळवलेलं काम होतं ते.

तेवढ्यात लालसूभाऊ पायऱ्या चढून आले. नदीतली पाण्याची उंची मोजायची पट्टी रोज तेच वाचतात, आणि इथल्या घाटावर रेंज नसते म्हणून आकडा पाठवायला या ओसरीवर येतात. तो आकडा गावोगाव दाखवणारं नदीचं ॲपही त्याच लायब्ररीवर चालतं. आज भाऊंचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पट्टीच बुडाली, म्हणाले, मग लिहू काय? आकड्याची जागा त्यांनी कोरी सोडून पाठवून दिली.

दिव्यानीनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला. "भाऊ, हे साहेब म्हणून राह्यले, कोऱ्या जागी शून्य गेलं तर काय बिघडते?"

लालसूभाऊंनी आवाज चढवला नाही. "साहेब, बिरजू नावाडी चार कोस खाली हाय. हे पाणी त्याच्या घाटावर दोन घंट्यानं जाते. तो मोबाईलात आकडा पाह्यते अन् डोंगा सोडते. आज कोरं दिसलं, तर बांधून ठेवन. शून्य दिसलं, तर पाणी उतरलं समजून सोडन. बाजाराच्या बाया राह्यते त्यात."

पलीकडून प्रवीण म्हणाला, एकेका नावाड्यासाठी लायब्ररी नसते लिहायची, सहा वाजता मी स्वतः काढतोय. आणि फोन ठेवला.

दिव्यानीनं लॅपटॉप पुढे ओढला. एक ओळही काढली नाही. उलट भाऊंना विचारून पाचही फंक्शनांच्या डोक्यावर टीप लिहिली, 'हे काढण्याआधी लालसूभाऊंना विचारा', खाली त्यांचा नंबर टाकला, आणि सगळ्यांना दिसेल असं चढवून दिलं.

भाऊंनी वाकून आपला नंबर एकेक आकडा करत वाचला. "पण बाई, घाटावर तं माहा फोन लागतच नाई."

"मंग विचाराले इथी यावं लागन साहेबाइले," दिव्यानी म्हणाली.