हजार यार्डांवरचा वारा

पारोळ्याजवळच्या आमच्या गावचा चिंधा फौजेत हवालदार. सत्त्याऐंशी साली रायफल नेमबाजीच्या टीममधून तो थेट इंग्लंडला गेला. निशाण हजार यार्ड लांब. टीमची शेवटची गोळी त्याची, आणि ऐन वेळी वारा फिरला. चिंधा क्षणभर थांबला, निशाण सोडून चांगला हातभर डावीकडे नेम धरला, अन् गोळी बरोबर मधोमध! त्या एका गोळीवर टीमला मेडल मिळालं.

होळीला तो सुट्टीवर आला, तर जळगावहून पेपरवाला हजर. चिंधा त्याला थेट खळ्यावर घेऊन गेला. तिथे त्याची आई रुक्माबाई उंच तिवईवर उभी राहून ज्वारी उपणत होती.

"हवालदारसाहेब, एवढ्या लांबून नेम बसतो तरी कसा?"

"नेम काय, कोणीही धरेल," चिंधा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "खरी विद्या वाऱ्याची. गोरे लोक झेंडे बघत बसतात. आपल्याला नुसता गालाला लागला तरी कळतो."

पेपरवाला खूश. म्हणाला, "आता आईसोबत एक फोटो होऊन जाऊ द्या."

चिंधाने छातीवरचं मेडल सरळ केलं आणि ऐटीत जाऊन आईच्या सुपासमोर उभा राहिला. दुसऱ्याच क्षणी मेडल, मिशा, तोंड, सगळं भुसकटाने भरलं.

रुक्माबाईने वरूनच सूप थांबवलं आणि आपल्या पाठीमागे बोट दाखवलं.



"आरे चिंधा, वारा कथाईन ई ऱ्हायना, ते तरी देख!"