डिक्कीतला कोंडा

भुपेंद्रच्या गाडीतला पेट्रोलचा वास काही केल्या जाईना. फवारणी पंपासाठी अड्याळहून कॅनभर पेट्रोल आणलं, तेव्हाच ते सांडलं असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. पण मिस्त्रीने टाकी, पाइप, सगळं धुंडाळलं. कुठे थेंब नाही. वास मात्र रोज वाढतच होता.

"डिक्कीत धानाचा कोंडा पसरा," बायको उर्वशी म्हणाली. "सारा वास ओढून घेते तो."

त्याने राइस मिलमधून पोतंभर कोंडा आणला, हाताने सारखा पसरला आणि डिक्कीला कुलूप लावलं.

सकाळी दोघांनी मिळून डिक्की उघडली. वास खरंच गेला होता. पण कोंड्यात खोल ठसा उमटला होता. गुडघे पोटाशी घेऊन कुणी कुशीवर निजावं, तसा.

"मांजर झोपली असन," भुपेंद्र म्हणाला.

"एवढी मोठी? अन् बंद डिक्कीत?"

तो घाईघाईने कोंडा सपाट करू लागला आणि त्याचा हात थबकला. कोंडा अजून कोमट होता.

तेवढ्यात घरातून त्यांच्या लेकीची, मेघाची, हाक आली.

"बाबा, माह्या खोलीत पेट्रोलचा वास काहून येऊन राहिला?"